पिंपळदऱ्याची सहाशे चौदा मतं

एकोणीसशे बहात्तरच्या मार्चात विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा पिंपळदऱ्यात पाणी असलेली एकच विहीर उरली होती आणि ती आबासाहेबांच्या मळ्यात होती.

सदुसष्टच्या निवडणुकीत गावाची पेटी तालुक्याला वेगळी मोजली होती. आबासाहेबांच्या उमेदवाराविरुद्ध एकोणीस मतं निघाली. ती खालच्या आळीचीच, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि पुढचा महिनाभर त्या आळीतल्या बायकांना विहिरीवर पाय ठेवू दिला नाही. यंदा मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी चावडीपुढं सगळ्यांना पुन्हा सांगितलं, "शिक्का कुटंबी मारा. पेटी उघडली की मला कळतंयच."

विरोधातला उमेदवार एक रिटायर मास्तर होता, निशाणी शिडी. मोजणीच्या टेबलाशी बसायला त्याला या गावचं माणूस हवं होतं. आबासाहेबांच्या समोर बसायचं म्हटल्यावर एकेकाला ताप भरला, एकेकाला पाहुणे आले. शेवटी बांगड्या विकणारा नूरमहंमद छबूबाईच्या दारात आला. छबूबाई खालच्या आळीतली विधवा, काष्टीच्या बाजारात भाजी विकायची, चौथी शिकलेली.

"आक्का, मला सही येत न्हाई, न्हाईतर मीच बसलो असतो," तो म्हणाला. "तुमी बसा. मी भाईर थांबतो."

"पानी तोडलं तर?"

"तसंबी तोडनारच हायेत."

छबूबाईला हे पटलं.

मोजणी तालुक्याच्या सरकारी धान्य गोदामात होती. सकाळी आठला ती आत शिरली, तर भिंतीशी लोखंडी पेट्यांची चळत लागलेली. जाळीपलीकडं दोन्हीकडची माणसं बसलेली. समोरच आबासाहेब, खिशाला पेन, मांडीवर वही. तिला बघून ते हसले.

"छबे, तू व्हय? बरं झालं. आपल्या गावाचा आकडा दोघं मिळून लिहू."

पिंपळदऱ्याची पेटी टेबलावर आली. लाखेचं सील फोडलं, पेटी उपडी केली. घड्या घातलेल्या चिठ्ठ्या भसाभसा खाली पडल्या. कारकुनांनी त्या पालथ्या ठेवूनच मोजल्या, पन्नास-पन्नासच्या गड्ड्या बांधल्या. सहाशे चौदा. आबासाहेबांनी वहीत लिहिलं आणि पेन उचलूनच धरलं.

पण कारकून गड्ड्या उचलून निघाला.

"अवो, कुटं निघाला?" आबासाहेब उठले. "आमच्या गावाची मोजा की."

"मोजली ना. सहाशे चौदा," अधिकारी म्हणाले.

"कुनाला किती पडली ते?"

"ते आता वेगळं मोजत नाहीत. आधी सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळायच्या. गेल्या वर्षी लोकसभेलाही असंच केलं, तुम्ही नव्हता तिथं."

गोदामाच्या मधोमध एक मोठा ड्रम होता. कारकुनानं गड्ड्यांचे दोरे सोडले आणि पिंपळदरा त्यात ओतला. त्याच्यावर दुसरं गाव, त्याच्यावर तिसरं. दोन शिपायांनी कोपरापर्यंत हात घालून तळातलं वर, वरचं खाली केलं. छबूबाई टाचा उंच करून बघत होती. तिची स्वतःची चिठ्ठी त्यात होती. आबासाहेबांचीही होती. त्यांच्या सालगड्याची, तलाठ्याची, कधी न पाहिलेल्या कुठल्या वाडीतल्या बाईचीही असेल. कुठली कुणाची, हे आता देवालाही निवडता आलं नसतं.

खळ्यात रास पडली की माणूस पायताण घालून जात नाही. छबूबाईनं नकळत चपला काढल्या आणि बाकाखाली सारल्या. उन्हानं तापलेल्या गोदामातली फरशी तळव्यांना गार लागली.

दुपारनंतर निकाल लागला. आबासाहेबांचाच माणूस तीन हजारांनी निवडून आला. बाहेर गुलाल उधळला, ताशा वाजू लागला. मास्तर शांतपणे सगळ्यांचे हात हातात घेत फिरले. आबासाहेबांच्या गळ्यात हार पडला, तरी ते जाळीशी छबूबाईकडं आले. आवाज अगदी खाली होता.

"आपल्या गावातनं किती फुटली असतील गं? तुला काय वाटतं?"

एवढा मोठा माणूस आपल्याला विचारतोय, हे कळायला तिला एक क्षण लागला.

"एकबी नसंल," ती म्हणाली, "न्हाईतर पाचशेबी असतील. मला कसं कळावं, आबासाहेब?"

संध्याकाळी ती आणि नूरमहंमद एस.टी.नं गावात उतरले. चावडीपुढं आबासाहेबांची जीप आधीच पोचली होती. सगळं गाव त्यांना गुलाल लावत होतं, खालची आळीसुद्धा. आबासाहेब एकेकाच्या तोंडाकडं निरखून बघत होते. माणूस हसला की आणखीच बघत. शेवटी त्यांनी विहिरीवरच्या गड्याला हाक मारली आणि म्हणाले, "पानी कुनाचं अडवू नगंस. समद्यांला भरू दे."

छबूबाईच्या ओट्यावर बायका जमल्या. तिनं ड्रम सांगितला, कोपरापर्यंतचे हात सांगितले. शेजारच्या म्हाताऱ्या राहीबाईनं विचारलं,

"मंजी माजं मत सापडायचंच न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई. कुनालाच न्हाई."

राहीबाईनं पदर सावरला, पुढं सरकली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "मंग तुला सांगते. म्या की न्हाई..."

छबूबाईनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नगा," ती म्हणाली. "मलाबी सांगू नगा."