रेडिएटरमधलं पाणी

सेजलचा नवरा रुद्रेश जूनमध्ये गेला. कामावर असतानाच चक्कर येऊन पडला, आणि इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून त्याची गाडी मुळगावच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. ऑक्टोबर संपता संपता सेजलच्या सासऱ्यांनी, शंभूबाबांनी, बॅटरी चार्ज करून आणली आणि म्हणाले, "सोमवारपासून गाडी घेवन जा. साखळीक जावक बशीची वाट किती बघतलंस?"

सेजल हो म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणायची. जेवतेस? हो. निजतेस? हो. सासूबाई, देवकी, तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तशा हळू बोलत. ती काम करायची त्या साखळीच्या शाळेच्या ऑफिसातही तेच. लोक तिच्यासमोर आवाज उतरवायचे. तिला त्याचं बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी शंभूबाबांनी बॉनेट उघडलं. बावीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेला माणूस, बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीवर त्यांचा विश्वास नसायचा. इंजिनाशेजारच्या बाटलीतलं, इंजिन थंड ठेवणारं कुलंट खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं होतं.

"हडेन ये गो," ते तिला जवळ बोलावत म्हणाले. "गरम इंजिनाचां झाकण कधी उघडू नको, वाफ तोंडार येता. आता थंड आसा."

त्यांनी झाकण फिरवलं, रेडिएटरखाली रिकामा डबा सरकवला आणि आडवे होऊन तळाचं बूच सैल केलं. हिरवं कुलंट यायला हवं होतं. आलं ते तांबडंलाल पाणी, गंजाचं.

शंभूबाब उठून बसले. "ह्यां पाणी कोणी घातलां?"

सेजलला ठाऊक होतं. फेब्रुवारीत कोरगावला, तिच्या माहेरी जाताना तापमानाचा काटा वर चढला होता. रुद्रेशने गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली आणि तिच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं. पुढे नळाचंच घालत राहिला. "बाबाक सांगू नको हां," असं हसत म्हणाला होता.

"मी घातलंय," ती म्हणाली. "माका म्हायत नव्हतां."

"म्हायत नव्हतां?" शंभूबाबांचा आवाज एकदम चढला. "इंजिनाक आतून गंज खाता! शिकलेली ना गो तू? विचारूक तोंड नव्हतां? शंभर फेरे सांगलंय ह्या घरात, नळाचां पाणी घालू नको म्हणून! शंभर फेरे! पण ऐकता कोण? हसता आणि..."

ते थांबले. हातातलं बूच तसंच राहिलं. ओरडा ऐकून देवकी मागच्या दारात आल्या होत्या.

सेजल उभीच होती. पाच महिन्यांत तिच्यावर कोणी ओरडलं नव्हतं. आता रडू येईल असं तिला वाटलं. ते आलं नाही. कान तेवढे गरम झाले.

"पाणी घाल," शंभूबाब हळू म्हणाले. "धुवन काढूया."

तिने बादलीने पाणी घातलं, त्यांनी सोडलं. पुन्हा घातलं, पुन्हा सोडलं. चौथ्या खेपेला पाणी निवळ आलं. मग बूच घट्ट बसवून त्यांनी डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं निम्मं मिसळलं, आणि ओतायला तिच्याकडे दिलं. तिने ते काठापर्यंत ओतलं. इंजिन चालू केल्यावर ते वरचा रबरी पाइप दाबत राहिले. आतली हवा बुडबुड करत वर आली, पातळी उतरली, तिने आणखी ओतलं. बुडबुडे थांबले तेव्हा झाकण लावलं, आणि थोड्या वेळाने पंखा आपोआप फिरू लागला.

"तां डब्यातलां गटारात नको," ते म्हणाले. "कुत्रीं पितत आणि मरतत." तिने डब्याला झाकण लावून तो उंचावर ठेवला.

मग तपासायला म्हणून दोघं निघाली. ती चालवत होती, ते शेजारी. डिचोली मागे पडली, साखळीचा बाजार आला. काटा मधोमध होता, हलत नव्हता. "बाबा, परतूया?" तिने विचारलं.

तिने वळून पाहिलं. शंभूबाब झोपले होते. मान खिडकीकडे कलंडलेली, तोंड किंचित उघडं, मांडीवरचे हात काळे. देवकी सांगत, जूनपासून हा माणूस रात्रभर खाटेवर बसून असतो.

सेजलने गाडी वळवली नाही. ती तशीच पुढे वाळपईच्या रस्त्याला लागली. मनात काही नव्हतं. फक्त खड्डा दिसला की ती आधीच वेग कमी करी आणि क्लच अलगद सोडी, त्यांची झोप मोडू नये म्हणून.