जिचं नाव घ्यायचं नव्हतं

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी श्रीलक्ष्मीबाईंनी सातवीची हजेरी घेतली. सव्विसावं नाव शिवलीलाचं. ते नाव त्यांनी उच्चारलं आणि वर्ग एकदम गप्प झाला.

एरवी कुणी आलं नसेल तर दहा जण ओरडतात, बाई, ती मामाकडं गेलीय, बाई, तिला ताप आलाय. त्या दिवशी बेचाळीस मुलं मान खाली घालून बसली. तिसऱ्या बाकावर दोन मुली होत्या, मधे एकीपुरती जागा सोडून.

"शिवलीला कुठे आहे?" बाईंनी त्यातल्या एकीला विचारलं.

"कोण शिवलीला, बाई?"

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

श्रीलक्ष्मीबाई कलबुर्गीच्या. त्यांचे वडील रामाचार्य तिथल्या कचेरीत नोकरीला होते. घरात मराठी, बाहेर कन्नड. जूनमध्ये बाईंची बदली आळंद तालुक्यातल्या या गावच्या मराठी शाळेत झाली. गाव मादन हिप्परग्याच्या पुढे, राज्याच्या हद्दीजवळ. त्याचं नाव इथे सांगत नाही. आळंदहून त्या रोज बसने येत-जात. सगळ्या मुलांची नावं अजून चेहऱ्यांशी जुळली नव्हती, पण शिवलीला त्यांच्या पक्की लक्षात होती. उंच, डाव्या हाताने लिहिणारी. नकाशात भीमा नदी काढताना तिला हवी त्याहून जास्त वळणं देणारी.

शाळा सुटल्यावर बाई तिच्या घरी गेल्या. अंगणात तिची आजी सिद्धम्मा तूर निवडत बसली होती.

"शिवलीला शाळेत आली नाही, म्हणून आले, अम्मा."

म्हातारीने सुपातून नजर काढली नाही. "आमच्यात पोरगी न्हाई, बाई."

"बसवंतप्पांची मुलगी. तुमची नात."

"बसवंताला एकच पोरगा हाय. तुमी दुसरं घर बघा."

दोरीवर शाळेच्या दोन लाल रिबिनी वाळत होत्या. बाईंनी तिकडे पाहिलं. म्हातारीनेही पाहिलं. ती उठली, रिबिनी ओढून कमरेला खोचल्या आणि पुन्हा तूर निवडायला बसली.

शेजारी विचारलं, नळावर विचारलं, किराणा दुकानात विचारलं. "त्या घरात पोरगी न्हाई." सगळीकडे तेच शब्द, तोच क्रम, पाठ करून घेतल्यासारखा. गल्लीच्या शेवटच्या घरी तर बाईंनी तोंड उघडायच्या आधीच उत्तर आलं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी पिशवीतून हजेरीचा कॅटलॉग काढून पाहिला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शिवलीलाच्या नावापुढे त्यांच्याच हातच्या खुणा होत्या. तरी त्या पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. इतकी माणसं एका सुरात सांगत असतील तर आपलंच काही चुकत असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराचीच त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "दाखला नेला असंल. आपण कामून डोकं लावायचं? नाव कमी करून टाका."

बाईंनी नाव कमी केलं नाही. मधल्या सुट्टीत त्या अंगणवाडीत गेल्या. तिथली रत्नम्मा याच गावची, पन्नाशीची विधवा. बाईंचा प्रश्न ऐकताच तिने दार लोटून घेतलं.

"मला इचारू नका, बाई. रेवणसिद्धप्पानं घरटी सगळ्यांना मैलारलिंगाच्या देवळात नेऊन भंडारा उचलून शपथ घ्यायला लावलीय. लेकरांनासुद्धा. तिचं नाव घ्यायचं न्हाई. घेतलं तर घराचं वाटोळं व्हईल म्हणून."

रेवणसिद्धप्पा गावचा मोठा शेतकरी. त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"पण का? ती आहे कुठे?"

रत्नम्माने कपाटातून किशोरवयीन मुलींचं रजिस्टर काढलं, एक पान उघडून टेबलावर ठेवलं आणि कळशी उचलली. "मी पाण्याला जायलेय. पंधरा मिन्टं लागतील."

पानावर शिवलीलाचं नाव होतं. वय तेरा, उंची, वजन, रक्ताचं प्रमाण. शेवटची नोंद सप्टेंबरची. बाईंनी मोबाईलवर फोटो काढला.

त्याच दिवशी त्यांनी १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर, फोन केला. तासाभरात कलबुर्गीच्या बालसंरक्षण कार्यालयातून महेशकुमार नावाच्या अधिकाऱ्याचा फोन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ही मुलगी आहे, असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच का, बाई?"

"बोलणारी मी एकटीच."

"मग ज्यांच्याकडे तिचा कागद असेल त्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवू," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी आळंदला, तालुका कचेरीत सगळे बसले. आरोग्य केंद्राची नर्स लोहाच्या गोळ्यांची यादी घेऊन आली होती. शिवलीलाचं नाव तिच्याकडेही होतं, पण गावात चौकशी केल्यावर 'अशी कुणी नाही' म्हणाले, तेव्हा नोंद दोनदा झाली असेल असं समजून तिने ती खोडली होती. रेशनच्या कारकुनाने एक अर्ज काढला. बसवंतप्पाच्या कार्डावरून एक नाव कमी करण्याचा.

"कारण काय दिलंय?" महेशकुमारने विचारलं.

"मयत," कारकून म्हणाला. "मृत्यूचा दाखला जोडला नव्हता, म्हणून अर्ज पडून आहे."

श्रीलक्ष्मीबाईंनी कॅटलॉग आणि रजिस्टरचा फोटो त्या दोन कागदांशेजारी ठेवला. टेबलावर चार कागद होते. प्रत्येकाने आपापल्या कचेरीत बसून त्याला काहीतरी साधं कारण शोधलं होतं. एकत्र ठेवल्यावर ते कारण कुठेच बसत नव्हतं.

पोलीस ठाण्यातून आलेली हवालदार मल्लेश्वरी म्हणाली, "आठ वर्षांपूर्वी त्या गावात एक बालविवाह ऐन मांडवात थांबवला होता. आई-बाप, पुरोहित, मांडववाला, स्वयंपाकी, सगळ्यांवर गुन्हे लागले. त्यानंतर तिथून एकही तक्रार आली नाही. आम्हाला वाटलं गाव सुधारलं."

"मुलगीच नाही म्हटलं, तर लग्न कुणाचं?" महेशकुमार म्हणाला.

"व्हय. नाहीतर," मल्लेश्वरी थांबली, "खरंच मयत असेल."

चहा आला होता, तो कुणी घेतला नाही. महेशकुमार, मल्लेश्वरी आणि श्रीलक्ष्मीबाईंना घेऊन जीप लगेच निघाली.

ते पोहोचले तेव्हा भर दुपार होती. घरांची दारं उघडी होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. बसवंतप्पा हात जोडून दारातच उभा होता, येणार हे ठाऊक असल्यासारखा. "बघा साहेब. कुठं हाय का पोरगी?"

नव्हती. शेजारच्या घरातही नव्हती. तिसऱ्या घरात जमिनीवर चटई होती आणि उशीला ताज्या तेलाचा डाग होता. घरात तर एकटा टक्कल पडलेला म्हातारा. चौथ्या घरात चुलीपाशी अर्ध्या भाकरीची थाळी होती. नवरा-बायको दोघेही जेवून हात धुतलेले. "ही कुणाची?" मल्लेश्वरीने विचारलं. दोघांनी थाळीकडे बघितलं. "कुठली थाळी?" बायको म्हणाली.

मल्लेश्वरी बाहेर आली आणि रुमालाने मान पुसत उभी राहिली. "पंधरा वर्षं नोकरी केली," ती बाईंना हळूच म्हणाली, "अंगावर असा काटा आला नव्हता."

तेवढ्यात रत्नम्मा अंगणवाडीकडून येताना दिसली. ती कुणाकडे न बघता जीपजवळून पुढे गेली, रेवणसिद्धप्पाच्या वाड्यामागच्या गोठ्यापाशी पोहोचली आणि दारात खाली बसली.

रेवणसिद्धप्पा धावत आला. "ऊठ, रत्नम्मा. तू शपथ घेतलीस."

"मी काय बोलले का, अण्णा?" ती म्हणाली. "पाय दुखायलेत. बसलेय."

मल्लेश्वरीने तिला हाताला धरून बाजूला घेतलं आणि आत शिरली.

कडब्याच्या गंजीमागे एक खोली होती. शिवलीला तिथे पोत्यावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. केस नीट विंचरलेले, वेणी घट्ट. श्रीलक्ष्मीबाईंनी हाक मारली. तिने मान वळवली नाही. बाईंनी तीनदा नाव घेतलं. मग मल्लेश्वरी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिचा हात हातात घेतला. मुलगी त्या हाताकडे बघत राहिली.

"मी तुमाला दिसायलेय का?" तिने विचारलं.

पुढे तिने तुटक तुटक सांगितलं ते असं. तिला एकोणीस दिवस रोज एकेका घरी ठेवत होते. कुणी मारलं नाही. वेळेवर जेवण दिलं, डोक्याला तेल लावलं. पण कुणी बोललं नाही, डोळ्यांत बघितलं नाही. ताट ठेवणारी बाई ताट रिकाम्या जागेसमोर ठेवल्यासारखी निघून जाई. आजी वेणी घालायला येई, तीही तोंड फिरवून. पहिले काही दिवस ती ओरडली. दहाव्या दिवशी तिला वाटलं की आपण मेलो आहोत, आणि मेल्यावर असंच असतं.

येत्या सोमवारी पहाटे तिला हद्दीपलीकडे नेऊन एका बत्तीस वर्षांच्या माणसाशी तिचं लग्न लावणार होते. तो रेवणसिद्धप्पाच्या नात्यातला.

बालकल्याण समितीने तिला कलबुर्गीच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. रेवणसिद्धप्पा आणि बसवंतप्पाला अटक झाली, पुढे जामीनही झाला. खटला चालू आहे. गावाने आता रत्नम्माशी बोलणं सोडलं. ती समोर उभी असताना दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो. हे कळल्यावर नर्स, मल्लेश्वरी आणि श्रीलक्ष्मीबाई दर मंगळवारी अंगणवाडीत जाऊन बसू लागल्या. तिच्याशी मोठमोठ्याने बोलतात, नाव घेऊन.

शिवलीला वसतिगृहात खूप बोलू लागली. समोरचा गप्प झाला की तिला घाम फुटे. डिसेंबरात बाई भेटायला गेल्या तेव्हा ती बोलता बोलता म्हणाली, "आज्जी एकदा चुकली, बाई. वेणी घालताना मला महानंदा म्हणली. मग लई रडली."

"महानंदा कोण?"

"ठाऊक न्हाई. आमच्यात महानंदा न्हाई," शिवलीला चटकन म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. हे शब्द त्यांनी गल्लीभर ऐकले होते. शिवलीलाच्याही ते लक्षात आलं असावं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मला पाठीवर घेऊन नळावर जायची," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. बाई, मी पण भंडारा उचलला होता."

शाळेच्या कपाटात सात वर्षांपूर्वीचा कॅटलॉग सापडला. सातवीत महानंदा बसवंतप्पा. दसऱ्यापर्यंत हजर, पुढे कोरं. या वेळी महेशकुमारला बैठक बोलवावी लागली नाही. नर्सने बाळंतपणाच्या नोंदी धुंडाळल्या, रेशनच्या कारकुनाने कार्डं. बारा दिवसांनी पत्ता लागला. अफजलपूरच्या पुढे, भीमेकाठी, उसातली वस्ती.

बाई आणि मल्लेश्वरी तिथे गेल्या. कडेवर मूल घेतलेली वीस वर्षांची बाई दारात आली. दुसरं मूल लुगड्याला धरून उभं होतं. बाईंनी सांगितलं की आम्ही तुझ्या गावाहून आलो. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"शिवलीलाने पाठवलं," मल्लेश्वरी म्हणाली.

तेव्हा तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तिचं बी लगीन झालं असंल आता," ती म्हणाली.

"नाही. ती शाळेत जाते. कलबुर्गीला."

महानंदाने त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि चूल पेटवायला घेतली. तिच्या हातातली काडी तीनदा विझली. चौथी मल्लेश्वरीने ओढून दिली.