खांद्यावरचं पीठ

"आई, मोठ्या काकांच्या खांद्यावर हे पांढरं काय आहे?"

फोटोवालीने मान वर न करताच विचारलं, "कुठे?" ती एका गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो कापत होती, आणि लेकीला दिवसभर पुरून उरायचं तर तिच्या निम्म्या प्रश्नांकडे कानाडोळा करावाच लागे. घरात सगळे त्या पोरीला टिटवी म्हणत, ते काही उगाच नाही.

टिटवीने टॅब्लेट थेट कात्रीखाली सरकवला. "हे बघ. कोणीतरी काकांच्या कोटाला हात पुसलाय."

फोटो बेकरीच्या पहिल्या दिवसाचा होता. नवा कोरा बोर्ड, अर्धं वर गेलेलं शटर, आणि शटरपुढे काळ्या कोटात थोरले, म्हणजे फोटोवालीचे मोठे दीर. त्यांच्या डाव्या खांद्यावर पिठाची पाच बोटं स्वच्छ उमटली होती. ती बोटं ज्याची होती तो माणूस मात्र फोटोत नव्हता. त्याच्या जागी विटांची भिंत होती आणि विटा जरा वाकड्यातिकड्या होत्या.

हा फोटो तिनेच काढला होता. तिचा नवरा भट्टीवरून तसाच उठून आला होता, कोपरापर्यंत पिठात माखलेला. त्याने मुद्दाम भावाच्या खांद्यावर पंजा टेकवला, नव्या कोटाचा सत्यानाश झाला म्हणून थोरले ओरडले, आणि तेवढ्यात तिने बटण दाबलं. दोघं पोट धरून हसले होते त्या दिवशी.

"बाबा बेकरीत जायचेच नाहीत का गं?" टिटवी म्हणाली. "एकाही फोटोत नाहीत ते."

फोटोवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टिटवीला बाबा आठवत नव्हते. तो गेला तेव्हा ती जेमतेम चालायला शिकली होती. तिच्या उशाशी चौकटीत त्याचा एक फोटो होता, उशीला टेकून हसणारा, आणि बाकी सगळे बाबा तिला या अल्बममध्येच भेटायचे. आता तिथूनही त्यांना हाकललं होतं. भट्टीपुढे कोणी नाही, पिठाच्या पोत्यांपाशी कोणी नाही. केकवर साखरेचे गुलाब काढणारा तो वाकलेला माणूस गेला होता आणि केक तेवढा आपोआप सजला होता.

ती तशीच जिना उतरून खाली बेकरीत गेली, मागोमाग टिटवी. थोरली जाऊ काउंटरवर बिस्किटांचे पुडे बांधत होती.

"वहिनी, फोटोंना हात कोणी लावला?"

"मीच की!" थोरली खुशीत म्हणाली. "कसे झालेत? आता मला छान जमतं बाई."

"ह्यांना काढून टाकलंत तुम्ही."

थोरलीने दोऱ्याची गाठ मारली. "रागावू नकोस हं. पण गिऱ्हाईक फोटो बघतं आणि विचारतं, हे कुठे असतात, आता पाव कोण करतं. मग त्यांना उगाच चव बदलल्यासारखी वाटते. धंदा आहे, काय करणार? आणि तूच तर म्हणाली होतीस, ज्याला जे बदलायचंय ते खुशाल बदला."

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. फोटोवाल्यांच्या बैठकीत एकदा यावरून चांगलीच जुंपली होती. आपण काढलेला फोटो दुसऱ्याला बदलू द्यावा की नाही? नवरा तिच्यासोबत बैठकीसाठी पाव घेऊन आला होता. तो मध्येच बोलला, "पाव विकल्यावर त्याला लोणी लावायचं की जाम, हे सांगायला मी गिऱ्हाइकाच्या घरी जातो का?" सगळे हसले. एक म्हातारे फोटोग्राफर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "लोणी लावू दे रे. पण आतून पोखरून दुसरंच काही भरलं आणि वर तुझ्याच बेकरीची पिशवी चढवली, तर?" नवऱ्याने खांदे उडवले. "खाणाऱ्याला कळेल," म्हणाला.

त्याच्या त्या एका शब्दावर तिने बेकरीचा अख्खा अल्बम घरच्यांना खुला करून टाकला होता. आधी थोरलीने स्वतःच्या सुरकुत्या पुसल्या. मग कंबर बारीक केली, मग थोरल्यांच्या टकलावर केस उगवले. फोटोवाली गालातल्या गालात हसायची आणि सोडून द्यायची. हात बसल्यावर थोरलीने माणूस पुसायला घेतला, तेव्हा ती बघतही नव्हती.

तरीही तिने एक-दोन दिवस राग गिळला असता. पण मग बेकरीच्या पंधराव्या वाढदिवसाचं मोठं पोस्टर दाराशी लागलं. थोरले भट्टीपुढे उभे, बाह्या सरसावलेल्या, हातांत गरम पावांचा ट्रे. खाली लिहिलं होतं, "पंधरा वर्षं, एकाच हातची चव." हातांपुरतं ते अगदी खरं होतं. डाव्या मनगटावर भट्टीच्या दाराने भाजल्याचा लांबट डाग होता, आणि त्या डागावर कितीतरी वेळा मलम तिनेच लावलं होतं. हात तिच्या नवऱ्याचे होते. वर मुंडकं थोरल्यांचं बसवलं होतं.

थोरल्यांनी स्वतः फोटोंना बोट लावलं नव्हतं. पण पोस्टर लागताना ते शिडी धरून उभे होते, आणि तिच्या लेखी ते पुसण्याहून वाईट होतं. भांडून काय होणार होतं? चार भिंतींत आरडाओरडा झाला असता, थोरली रडली असती, आणि गिऱ्हाईक पोस्टर बघत पाव नेत राहिलं असतं. तिला चारचौघांत उट्टं काढायचं होतं. थोरले भाषणाला उभे राहतील आणि सगळी ओळखीची माणसं समोर बसलेली असतील, तेव्हा.

"पडद्यावर फोटो दाखवायचं माझ्याकडे सोपवा, भाऊजी," ती थोरल्यांना म्हणाली.

"तू करशील?" थोरले तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना बहुधा आणखी काही बोलायचं होतं. पण ते नुसतं "बरं" म्हणाले आणि नजर चुकवून आत गेले.

मग ती थोरलीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिला आणखी शिकवलं. "इथे बोट फिरवा वहिनी, म्हणजे भिंत वाकडी दिसत नाही. आणि गळ्याखाली जरा सावली द्या, हनुवटी उठून दिसते." थोरली हरखली. तिने राहिलेसाहिलेले फोटोही उरकले. कितीही बदल झाले तरी अल्बमच्या मालकाकडे एक बटण असतं, सगळे मूळ फोटो एका फटक्यात परत आणायचं, हे फोटोवालीने तिला शिकवलं नाही.

टिटवीच्या उशाशी होता तो, नवऱ्याचा हसरा फोटोही तिने त्याच अल्बमच्या शेवटी जोडला. सगळ्यांचं नाक कापून झालं की वरून त्याने हसत बघावं, अशी तिची इच्छा होती.

वाढदिवसाच्या संध्याकाळी बेकरीच्या मागच्या अंगणात खुर्च्या कमी पडल्या. जुनी गिऱ्हाइकं होती, पिठाचा व्यापारी होता, पलीकडचा शिंपी होता, शाळेच्या बाई होत्या. टिटवी पहिल्या रांगेत केकवर नजर ठेवून बसली होती. पडद्यावर फोटो सरकू लागले. सडपातळ थोरली, केसाळ थोरले, रिकामी भट्टी. थोरली शेजारणीला कोपराने ढोसत होती.

थोरले माइकपाशी आले. "पंधरा वर्षं," ते म्हणाले, "पहाटे उठून, या हातांनी पीठ मळून..." थोरल्यांनी पहाट पाहिली असेल तर ती आगगाडी पकडायची असतानाच. फोटोवालीने टॅब्लेट मांडीवर घेतला आणि बटण दाबलं.

पडद्यावर थोरलीची कंबर क्षणात मूळ जागी आली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. पुढच्या फोटोत थोरल्यांचे केस गेले, आणि मग सगळं अंगण हसू लागलं. माइकपुढचे थोरले वळून बघू लागले. मग भट्टीपुढे एक माणूस आला. पिठाच्या पोत्यांपाशी तोच, केकवर वाकलेला तोच. हसणं हळूहळू थांबलं. पोस्टरचा फोटो आला. तेच हात, तोच ट्रे, तोच डाग, आणि वर ज्याचं त्याचं तोंड.

"अरे, हा तर आपला धाकटा!" पिठाचा व्यापारी उभाच राहिला. "पाव तर हाच करायचा!"

"बाबा!" टिटवी खुर्चीवर चढली. "आई, बाबा आहेत! सगळीकडे आहेत!"

शिंप्याने दाराकडच्या पोस्टरकडे बोट दाखवून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. थोरलीने पदर तोंडाला लावला होता. थोरल्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि माइक हातात तसाच राहिला होता. फोटोवालीच्या काळजात थंडगार वाटलं. तिला दया आली नाही. आणखी बघा, ती मनात म्हणाली, डोळे फाडून बघा. पहिल्या दिवसाचा फोटो आला आणि खांद्यावरच्या पाच बोटांना त्यांचा हात मिळाला. आता एकच फोटो उरला होता.

तो आला, आणि तिला तो ओळखताच आला नाही.

इस्पितळाची खाट होती. उशीला टेकलेला तिचा नवरा हसत होता, पण त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता आणि नाकात नळी होती. खाटेच्या कडेवर थोरले बसले होते. त्यांच्या हातात वाटी होती, आणि दुधात भिजवलेला पावाचा तुकडा ते चमच्याने भावाला भरवत होते. धाकट्याचा एक हात थोरल्यांच्या खांद्यावर होता.

मग तिला सगळं आठवलं. तो गेल्यानंतरच्या दिवसांत कशावरून तरी थोरल्यांशी कडाक्याचं वाजलं होतं. त्या रागात ती या फोटोपुढे बसली होती. नळी लेकीने बघू नये म्हणून काढली, केस लेकीसाठी परत दिले. आणि थोरल्यांना काढलं ते फक्त त्यांचं तोंड नको म्हणून. वाटी काढली, चमचा काढला, नवऱ्याचा हात पांघरुणावर आणून ठेवला. थोरलीचं काम कच्चं होतं, तिच्या हातून पीठ राहून गेलं होतं. फोटोवालीचं काम पक्कं होतं. इतकं पक्कं, की रोज उशाशी तोच फोटो बघून तिला स्वतःलाच तो खरा वाटायला लागला होता.

अंगणात कोणी हसत नव्हतं. शाळेच्या बाईंनी डोळे टिपले. पिठाचा व्यापारी थोरल्यांपाशी गेला आणि त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जी माणसं तिला थोरल्यांवर थुंकायला हवी होती, ती त्यांना पाणी आणून देत होती. हातातोंडाशी आलेला सूड निसटला होता आणि तिला तो अजूनही हवा होता.

टिटवी खुर्चीवरून उतरली आणि टॅब्लेटपाशी आली.

"इस्पितळात मोठे काका पण होते?"

"होते," फोटोवाली म्हणाली. "रोज असायचे."

"मग माझ्या फोटोत का नाहीत?" टिटवीचा आवाज नेहमीसारखाच होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. तिने वळून थोरलीकडे बघितलं. "काकू, तू मोठ्या काकांनापण पुसलंस?"

थोरलीने तोंडावरचा पदर खाली घेतला. ती धाकट्या जावेकडे बघत राहिली. थोरलेही बघत होते. आईने हो म्हटलं असतं तर टिटवीने आयुष्यभर खरं मानलं असतं.

"काकूने नाही," फोटोवाली म्हणाली. "मी पुसलं."