सोळाचा आकडा

एसीचा रिमोट उशीखाली असूनही सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. विजेचं बिल दुप्पट आलं होतं. गेल्याच महिन्यात सुनेच्या हातून रिमोट हिसकावून त्या ठणकावून म्हणाल्या होत्या, "माझ्या हातून बिल वाढलं, तर घराचा कारभार तुझा!" सून चोवीसवर ठेवायची. त्यांनी मात्र महिनाभर दुपारी दुलईत कुडकुडत काटकसर केली होती.

"तूच चोरून वाढवत असशील," त्या सुनेवर कडाडल्या.

"रिमोट तर तुमच्याकडेच असतो, आई. कितीवर ठेवता?"

"सोळावर. तुझ्यासारखी उधळी नाही मी."

सुनेने तोंडावर हात ठेवला. "अहो आई, तो आकडा विजेचा नाही. तो जितका कमी, तितकं ते यंत्र जास्त राबतं."

सासूबाई मटकन पलंगावर बसल्या. सून पाठ फिरवून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. सासूबाईंनी उशीखालून रिमोट काढला आणि तिच्या हातात कोंबला.

"हा घे, आणि कारभारही घे. फिदीफिदी नंतर हस. आधी ते बंद कर, माझे गुडघे गारठलेत."