हार्मकाकांचं कुंपण आणि एक झोत

सीत्स्केचं कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याला कित्येक लाख वर्षं जिवंत सोलून खात होतं. त्याचा वायू ओरबाडायचं, गरगरा फिरवून इतका तापवायचं की त्यातून क्ष-किरण फुटावेत, आणि तोंडात न मावलेला घास प्रकाशाच्या जवळपास वेगाने दोन्ही बाजूंना थुंकायचं. त्या थुंकीला झोत म्हणतात. क्ष-किरण उपग्रहाला दिसतात, झोत रेडिओ दुर्बिणीला. उपग्रहाचं काम रूलॉफकडे होतं, दुर्बिणीचं सीत्स्केकडे.

काल क्ष-किरण एकाएकी मंदावले होते. म्हणजे आता झोत सुटणार. सकाळपासून सीत्स्केचा आलेख चढतही होता. फक्त त्यावर दर सेकंदाला एक काटा उभा राहत होता.

"हा झोत नाही, बाई," रूलॉफ कॉफीबरोबर मिळालेलं एकुलतं एक बिस्किट पुरवून खात म्हणाला. "शेजारच्या शेतातल्या हार्मकाकांच्या विजेच्या कुंपणाचे ठोके आहेत. ओलं गवत तारेला लागलं की ठिणगी उडते, दुर्बिणीला ती ऐकू येते. तुझं कृष्णविवर गवत खातं."

"काटे कुंपणाचे. चढ माझा."

"तीनच्या बैठकीत मी सांगणार, रेडिओचा कचरा आहे, उपग्रह दुसरीकडे वळवा."

उपग्रह वळला की संपलं. सुटता झोत दोन्ही डोळ्यांनी एकदम बघता यावा म्हणून सीत्स्केने उमेदीची वर्षं नेदरलंड्समधल्या या ड्रेन्टेच्या माळावर घालवली होती.

"आणि कुंपण बंद केलं, काटे गेले, तरी चढ राहिला तर?"

"तर सगळ्यांसमोर कबूल करीन. वर माफी मागीन."

हार्मकाका भावाच्या वाढदिवसाला आस्सनला गेले होते. विचारावं तर दुर्बिणीला गोंगाट नको म्हणून आवारात मोबाइलला बंदी. दोघांचे फोन फाटकाजवळच्या पत्र्याच्या पेटीत. सीत्स्के सरळ गेली आणि गोठ्यातलं बटण खाली केलं. दुर्बीणवाल्यांच्या लेखी कुंपण म्हणजे गोंगाट. हा गोंगाट कुणासाठी लावलाय, हे दोन डॉक्टरेट मिळूनही सुचलं नाही.

तो वोदान नावाच्या बैलासाठी लावला होता.

सीत्स्के खोलीत परतली. केबलवरून बैठक सुरू झाली होती. बाहेर रूलॉफने खात्री करायला तारेला बोट लावलं. काही झालं नाही. पलीकडून वोदाननेही नाक लावलं. त्यालाही काही झालं नाही.

मग तो बैल कुंपणाचे चार खांब गळ्यात घेऊनच बाहेर आला. पहिल्या धडकेत रूलॉफ जीपवर आदळला. बरगड्यांचा कडकडाट खिडकीच्या आत ऐकू आला. दुसरी धडक जीपला बसली आणि दार कागदासारखं फाटलं. रूलॉफ कसाबसा टपावर चढला. तोंडातून रक्त आणि एक दात, दोन्ही बाहेर आले. वोदानने फोनची पेटी तुडवून पोळीइतकी चपटी केली. पुन्हा जीपकडे वळला.

"सीत्स्के! वायरलेस लाव! कुणाला तरी बोलाव!"

"वायरलेस लावला तर आलेख आंधळा होईल रे! खाली उतरू नकोस तेवढा!"

आलेखावरचे काटे गेले होते. चढ मात्र तसाच होता, उलट आणखी उभा. तिकडे दूर आकाशात कुणीतरी ताऱ्याचा लचका तोडून थुंकत होतं.

"चढ दिसतोय," पडद्यावरून अध्यक्ष अल्केमाबाई म्हणाल्या. "पण रूलॉफचं मत हवं. कुठेय तो?"

सीत्स्केने खिडकी उघडली. "रूलॉफ, काटे गेले, चढ राहिला! झोत खरा आहे का?"

जीपचा आरसा हवेत उडाला.

"बैल खरा आहे!"

"झोताचं सांग! बाई थांबल्यात!"

वोदानने फाटक्या दारातून डोकं घालून शिंग खालून टपात खुपसलं, रूलॉफच्या पोटरीतून बाहेर काढलं. रूलॉफ असा काही ओरडला की अल्केमाबाईंनी कानावरचे हेडफोन काढले.

"खरा आहे! झोत खरा आहे! माफ कर, भवाने!"

"नोंद घेतली," अल्केमाबाई म्हणाल्या. "उपग्रह तिथेच राहील. शेवटची फेरी. आणखी कुणाला काही?"

ही फेरी येईपर्यंत विषयाबाहेरचं बोलायचं नाही, असा तिथला रिवाज. सीत्स्केने लगेच हात वर केला.

"तुमच्याकडून कुणी रुग्णवाहिका बोलावता का? आणि आस्सनला हार्मकाकांना निरोप द्या." मग तिला पेट्रोलच्या इंजिनातल्या, आलेखावर काटे उठवणाऱ्या ठिणग्या आठवल्या. तिने एकदा आलेखाकडे पाहिलं.

"गाडी डिझेलचीच पाठवा म्हणावं."