बंद पडणारी गाडी

बाबांना गाडी घ्यायची होती आणि आईला बाबांना बोलतं करायचं होतं. घरातल्या बाकीच्यांना मात्र वाटत होतं की वाद जर्मन की अमेरिकन एवढाच आहे.

बाबांनी आयुष्यभर शहरबस चालवली. तिच्या वेगाला लगाम घातलेला असायचा, त्यामुळे पाय कितीही दाबला तरी ती आपल्याच तोऱ्यात चालायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, आता चार दारांची, पाय ठेवताच उसळणारी, स्वतःच्या मालकीची गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण दमदार हवी. पैसे दोघांच्या नावावर ठेवलेले, म्हणजे आईची सही लागणार होती. आईची सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेली. सही कुठे करायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"गाडी कुठली घ्यायची ती घ्या," आई म्हणाली. "पण शेजारी मी बसणार, आणि यांनी माझ्याशी बोलायचं. तेवढं जमत असेल तर सही करते."

बाहेरच्या माणसाला ही अट फालतू वाटेल. बसमध्ये बाबांच्या डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असायची आणि ती त्यांच्या अंगात भिनली होती. स्टिअरिंग हातात आलं की तोंडाला कुलूप. घरी आले की पाळीचा शीण, जेवण आणि झोप. माणूस अतिशय प्रेमळ, पण "दार लावून घ्या" यापलीकडे फारसं काही आम्ही दोघी बहिणींनी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आईने संसार केला तो दोघांच्या वाटचं एकटीने बोलून.

आता आमच्या जावयांविषयी. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे जर्मन गाडी. माझ्या नवऱ्याची लाकडाची वखार आहे आणि त्याच्याकडे अमेरिकन. एरवी हे दोघे साडू एकमेकांच्या गळ्यात गळे घालतात, पण गाड्यांचा विषय निघाला की ताई आणि मी उठून स्वयंपाकघरात जातो. बाबांनी कुठली गाडी घ्यावी हे विचारल्यावर तर दोघांनाही चेव चढला.

"जर्मन गाडी वळणावर रस्ता सोडत नाही, बाबा," भाऊजी म्हणाले.

"वर्कशॉपही सोडत नाही," माझा नवरा म्हणाला.

"तुमची तर पेट्रोल पंप दिसला की आपली आपण आत वळते."

"पण स्वतःच्या चाकांवर वळते, भाऊजी. टो करून आणावी लागत नाही."

शेवटी निवाडा माझ्याकडे आला, कारण मी विमा कंपनीत गाड्यांची पाहणी करते. दिवसभर लोकांच्या गाड्या उघड्यावाघड्या बघायच्या आणि दुरुस्तीचा खर्च काढायचा, हे माझं काम. मला दोघांचाही राग आला होता, कारण दोघेही अर्धंच खरं बोलत होते. मी सरळ सांगितलं, की जर्मन गाडी चालवायला लोण्यासारखी, पण वय झालं की तिच्यातल्या पाण्याच्या नळ्यांचे जोड ठिसूळ होतात, इवलासा सेन्सर रुसला तरी समोर दिवेच दिवे लागतात, आणि पार्टपेक्षा मजुरी जास्त, कारण त्या पार्टपर्यंत हात पोचायला अर्धं इंजिन सुटं करावं लागतं. अमेरिकन इंजिन मोठं, साधं आणि दणकट. मिस्त्रीने झाकण उघडलं की त्याला लगेच उमगतं. पण ती पेट्रोल पिते, मागचे टायर खाते, आतलं प्लास्टिक कुरकुरतं आणि विकायला काढली की गिऱ्हाईक नाक मुरडतं.

"म्हणजे एक पंपावर लुटणार आणि दुसरी गॅरेजमध्ये," मी म्हणाले. "रोज थोडं थोडं रडायचं की एकदम, ते तुम्ही ठरवा."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या हिशोबी हे दीर्घ भाषण होतं.

मग ठरलं की दोन रविवारी दोन्ही गाड्या चालवून बघायच्या. पहिला मान अमेरिकनला. पुढे बाबा आणि आई, मागे नवरा आणि मी. बाबांनी आधी गाडीभोवती फेरी मारली, चारही टायरांवर मूठ आपटली, आरसे पुसले आणि मग निघाले. इंजिन डरकाळ्या फोडतंय आणि बाबा मात्र मागे उभे प्रवासी असल्यासारखे ब्रेक लावतायत. माझ्या नवऱ्याचा जीव वर-खाली होत होता.

"बाबा, जरा दाबा की," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

रिकामा सरळ रस्ता आला तेव्हा बाबांनी एकदाच दाबलं. आम्ही सगळे सीटच्या पाठीला चिकटलो. आरशात मला बाबांचा चेहरा दिसला, कान लालबुंद, डोळ्यांत लहान पोराचा आनंद. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले. बाबांच्या तोंडातून मात्र चकार शब्द नाही. आईने जंग जंग पछाडलं. त्या घराचा रंग बघितलात का, हिचा आवाज केवढा हो, तुम्हाला थंडी वाजत नाही ना. सगळ्याला उत्तर एकच, मान.

गाडी कुठेही कुरकुरली नाही, अडली नाही, पंप सोडून कुठे थांबली नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "गाडी चांगली आहे. सही करणार नाही."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. बाबांनी गाड्यांच्या जाहिरातींची कात्रणं टेबलावरून उचलली आणि खणात टाकली. मला आईचा राग आला. एवढ्या वर्षांनी माणूस एक गोष्ट मागतोय आणि ही गप्पांपायी अडून बसली आहे, असं मी तिला सुनावलंही.

"तू त्यांच्याशेजारी बसून बघ एवढी वर्षं," ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी जर्मन. या वेळी मागे भाऊजी आणि मी. गाडीत इतकी शांतता की आईला आशा वाटू लागली. बाबांच्या हातात ती अगदी शहाण्यासारखी वागत होती आणि भाऊजी प्रत्येक वळणावर माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होते. बाबा तसेच मुके. मग चढ लागला. अर्ध्या चढावर समोर लाल दिवा पेटला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. बाबांनी हिसका न देता गाडी कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि उतरले. भाऊजींचा चेहरा बघवत नव्हता.

"नळीचा जोड गेला," मी म्हणाले. माझा नवरा इथे नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं.

टो करणारा माणूस फोनवर म्हणाला, येतो, पण वेळ लागेल. भाऊजी त्याला रस्ता समजावत लांब गेले. बाबांनी बॉनेट वर केलं, वाकून बघितलं, हात पुसले, गाडीला पाठ टेकून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "तू जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच डबा उघडायचीस."

आईही त्यांच्या शेजारी गाडीला टेकली.

"काउंटरखाली धरून खायचीस. पोस्टासमोरच्या सिग्नलला माझी बस थांबायची ना. लाल दिवा असला की दिसायचं. हिरवा असला की मी उगाच हळू घ्यायचो. मागचे हॉर्न मारायचे."

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"चालू गाडीत कोण बोलतं?" बाबांना तिच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "डेपोत एखादी गाडी बंद पडून उभी असली की आम्ही सगळे तिला टेकून असेच बोलत बसायचो. घरात कुठे अशी गाडी असते?"

आमच्यापैकी कुणीच कधी डेपोत गेलेलं नव्हतं. मग बाबा जे सुटले ते थांबेचनात. सुटे पैसे न देणारी बाई, बसमध्ये झोपून शेवटच्या थांब्याला उठून भांडणारा मास्तर, आईने कुठल्या दिवशी कुठली साडी नेसली होती आणि ती कुणा गिऱ्हाइकावर कशी खेकसत होती. आई हसून हसून बेजार झाली, मधेच तिने डोळे पुसले. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून वडिलांची गोष्ट ऐकत होते आणि मला वाटत होतं, टोवाल्याने आज येऊच नये. तो आला तेव्हा आई त्याच्यावर चक्क वैतागली.

"जर्मनच घ्यायची," घरी पाय ठेवताच ती म्हणाली.

माझा नवरा फोनवरून सगळं ऐकून हसायला तयारच बसला होता. तो चक्रावला. "आई, पण ती बंद पडते."

"म्हणूनच," आई म्हणाली आणि पेन मागितलं.

गाडी आली, भाऊजींच्याच जातीची, निळी. आता यात मी माझ्या धंद्याला शोभेल असा मूर्खपणा केला. वापरलेली गाडी म्हणून मी घेण्याआधीच सगळ्या नळ्या आणि जोड नवे टाकायला लावले, रेडिएटर तपासून घेतला. त्यात बाबा तिला चालवणार बससारखी, जपून. परिणाम असा की गाडी बंद पडायचं नावच घेईना. आई रोज फिरायला जायची आणि तोंड पाडून परत यायची.

"तुझ्या भाऊजींची बिघडते, मग आमचीच का नाही?" तिने मला विचारलं. गाड्यांच्या एवढ्या तक्रारी ऐकल्यात मी, ही तक्रार पहिल्यांदाच ऐकली. मला फार अपराधी वाटलं.

मग एका सकाळी मी कामावर, एका चेपलेल्या दाराचे फोटो काढत असताना आईचा फोन आला.

"अगं, गाडी तापली."

"कुठे आहात? बॉनेट उघडू नका. टो पाठवते मी."

"कडेला उभे आहोत. हे म्हणाले, जरा तापल्यासारखी वाटते, थंड होऊ दे."

"वाफ येतेय का? समोरचा तापमानाचा काटा बघ, कुठे आहे?"

"मध्यावर."

"लाल दिवा?"

"एकही दिवा नाही."

"मग गाडी तापलेली नाहीये, आई."

"ते मलाही दिसतंय," आई हळूच म्हणाली. "तू फोन ठेव. ते बोलतायत."