समुद्राचं आवर्तन

बारामतीच्या कंपनीनं बिरदेवला दोन दिवसांसाठी रत्नागिरीला धाडलं, ते एका डेअरीतलं दूध थंड करायचं यंत्र दुरुस्त करायला. दोन्ही दिवस त्याची मान यंत्राच्या पोटात होती. रत्नागिरी त्याला दिसली ती एवढीच: एक पंखा, एक पाना आणि तिथल्या मॅनेजरचे बूट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र एकदाचं गुरगुरलं, तेव्हा एसटीला वेळ होता, पण बिरदेवच्या अंगात जीव नव्हता.

गावाकडं निरवांगीत मात्र त्याची आई, गोजरबाई, वाट बघत होती. मेंढरं होती तेव्हा ती त्यांच्यामागं पायी कोकणात उतरायची. समुद्र दरवेळी एका डोंगरापलीकडं राहायचा, कारण मेंढरांना त्यात खाण्यासारखं काही नव्हतं. आता मेंढरं गेली आणि गुडघेही गेले. पोरगा फोनवर समुद्र दाखवणार म्हणून तिनं अख्खी आळी अंगणात गोळा केली होती.

बिरदेव पाय ओढत खाडीवर पोचला आणि फोन लावून वर धरला. समोर चिखल होता. चिखलात होड्या कलंडल्या होत्या, रविवारी जेवून माणसं कलंडतात तशा.

यापेक्षा आमच्या शेततळ्यात जास्त हाय, असं शेजारची भागूबाई म्हणाल्याचं ऐकू आलं.  मग आईनं हळूच विचारलं,

"आवर्तन बंद हाय का रं?"

जन्म पाटाला पाळीपाळीनं सुटणाऱ्या पाण्यावर गेलेल्या बाईला पाणी नसण्याचं दुसरं कारण ठाऊक नव्हतं. बिरदेवलाही ते पटलं. दमलेल्या माणसाला काहीही पटतं. जवळच एक म्हातारा जाळं विणत होता. आबा, हितलं पाणी कोण सोडतं, असं त्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं मान वर न करता सांगितलं, चंद्र.

बिरदेवनं निरोप जसाच्या तसा पोचवला. फोनमध्ये अंगण हललं, आभाळ दिसलं.

"त्यो तर हितं हाय," आई म्हणाली. "भागूबाईच्या गोठ्यावर."

अंगणाचं समाधान झालं. साहेब जागेवर नसला की पाणी सुटत नाही, हे त्या सगळ्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. येईल आता, बसा, असं म्हाताऱ्याचं म्हणणं पडलं.

बिरदेव पालथ्या होडीवर टेकला. मागं बॅग ठेवली, बॅगेला फोन टेकवला आणि पाणी आलं की उठू म्हणून डोळे मिटले.

जाग आली ती पाय गार पडले म्हणून. बूट पाण्यात होते. होड्या सरळ होऊन डुलत होत्या. मागच्या टेकडीवर चंद्र येऊन कामाला लागला होता. म्हातारा गेला होता आणि एसटीही गेली होती. फोनमधलं अंगण रिकामं होतं. एकटी आई पडद्याला नाक लावून बसली होती.

"आये, उठवायचं न्हाय व्हय? गाडी गेली की."

"पाण्यावर दोघं असली की एकानं झोपायचं, एकानं दारं धरायची," ती म्हणाली. सऱ्यांची दारं उघडून उसाला पाणी द्यायची त्यांच्या घरातली रीतच ती. "तू दमला हुतास. मी हुते की जागी."

"मग, बघितलास का समुद्र?" बिरदेवनं विचारलं.

"कसला बघतीया. मगाधरनं तुझं डोस्कंच मधी येतंय," आई म्हणाली. "सरक की जरा."

बिरदेव सरकला.